रात्री दोनचं घोरणं

नंदुरबार जिल्हा, सातपुड्यातला धडगावजवळचा एक पाडा. रात्रीचे दोन वाजलेत. आश्रमशाळेतून दिवाळीच्या सुट्टीला आलेला नऊ वर्षांचा मुलगा तोंड उघडं टाकून घोरतोय. मध्येच घोरणं थांबतं. आई मनात मोजते. आठ, नऊ... मग गचका बसून श्वास परत सुरू होतो.

मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. दुखणं उठलं की काय करायचं, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. घोरण्याचं मात्र कुणी विचारलं नाही, आणि आईलाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

प्राणवायू कमी पडला की या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अशा मुलांचे टॉन्सिल बऱ्याचदा वाढलेले असतात. झोपेत घसा सैल पडला की श्वासाची वाट बुजते. दवाखान्यात दुपारी बोटाला लावलेलं यंत्र प्राणवायूचा ठीक आकडा दाखवतं. रात्री तो घसरतो, तेव्हा बघायला कुणी नसतं.

त्यात अंथरूण ओलं होतं. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, ती पातळ आणि भरपूर होते. अडखळत्या श्वासाचाही त्यात हात असतो. वसतिगृहात पोरं हसतात, म्हणून हा संध्याकाळनंतर पाण्याला शिवत नाही. त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं. पण अंगातलं पाणी आटलं की पेशी आणखी वाकतात, आणि पहाटे पाय धरून रडायची पाळी येते.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, याची १० ते २०. नव्या पेशी घडवण्याचं काम अहोरात्र चालू, त्यामुळे नुसतं पडून राहिलं तरी अंगातलं अन्न जास्त जळतं. दुखण्यात तर जेवणच सुटतं. मक्याची भाकर आणि उडदाची डाळ ताटात आहे; त्यावर अंडं, शेंगदाणे आणि आणखी एक वेळचं खाणं हवं. ‘रक्त कमी’ म्हणून लोहाच्या गोळ्या मात्र तपासल्याशिवाय नकोत. इथे रक्त कमी होतं ते पेशी फुटून, आणि वारंवार रक्त चढवलेल्या मुलांत लोह उलट साचत जातं.

या खेपेला आईने घोरण्याचा व्हिडिओ मोबाइलवर नेला. डॉक्टरांनी तो दोनदा ऐकला, बॅटरी लावून घसा पाहिला आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. मुलगा आता संध्याकाळी तांब्याभर पाणी पितो. बाराच्या सुमारास आई त्याला उठवून अंगणाच्या कडेला नेते.