पोहून आल्यावर आधी पेज

माईक राहू दे, समुद्रावर ओरडून ओरडून माझा आवाज तयार झालाय. विषय दिलाय पोहल्यानंतरचा आहार, म्हणजे खरं तर सकाळी मालवणच्या चिवला किनाऱ्यावर पाण्यातून पोर बाहेर आलं की आईच्या पिशवीत काय असावं, एवढंच.

परवा एक पोरगा बाहेर आला, बोटं सुरकुतलेली, दात वाजतायत, आणि टॉवेलच्या आधी हातात वडापाव. आईची चूक नाही हो, पाण्यातून आलं की भूक अशी लागते की पोर दगडपण खाईल. पण तळलेलं पोटात रेंगाळतं, आणि त्या वेळी स्नायूंना हवा असतो स्टार्च. तास-दीड तास हात मारले की स्नायूंतला साखरेचा साठा, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात, तो बराच खाली जातो. संध्याकाळी परत पाण्यात उतरायचं असेल तर तो लवकर भरावा लागतो, वजनाच्या दर किलोला तासाला साधारण 1 ग्रॅम कार्बोहायड्रेट (स्टार्च नाहीतर साखर), म्हणजे 50 किलोच्या पोराला 50 ग्रॅम, दोन मोठी केळी झाली की झालं. पुढचं ट्रेनिंग दुसऱ्या दिवशी असेल तर एवढी घाई नको, दिवसभराचं जेवण नीट झालं तरी पुरतं. ते अर्ध्या तासात खाल्लं नाही तर सगळं वाया, असं काही नसतं.

मी स्वतः हे शिकलो ते मार खाऊन. विशीत दोन वेळा पोहायचो आणि मधे नुसता चहा-बिस्कीट, संध्याकाळी 200 मीटरनंतर हात असे जड व्हायचे की वाटायचं कोणीतरी ओल्या जाळ्यात गुंडाळलंय, आणि मला वाटायचं स्टॅमिनाच कमी आहे.

आता घाम. एका आजीने मला विचारलं होतं, "पाण्यात खंयचो घाम?" येतो आजी, फक्त दिसत नाही. वजनकाटा असेल तर करून बघा, आधी वजन घ्या, नंतर अंग आणि केस पुसून कोरड्या कपड्यात परत घ्या. 600 ग्रॅम कमी भरलं तर पुढच्या दोन-चार तासांत 750 ते 900 मिली पाणी जायला हवं, घोट घोट, एका दमात नाही. शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून एकट्या शहाळ्यावर भागवू नका. आणि पोहताना गिळलेलं खारं पाणी हिशोबात धरू नका, त्याने तहान वाढते आणि पोट बिघडतं.

म्हणून म्हणतो, उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, थर्मासमध्ये. स्टार्च, पाणी, मीठ तिन्ही एकदम आणि अंगात ऊब येते ती वेगळीच. बरोबर दोन उकडलेली अंडी. प्रथिनं एका वेळी किलोला 0.3 ग्रॅमच्या आसपास पुरतात, 50 किलोला 15 ग्रॅम, दोन अंड्यांत 12 येतात, वर अर्धा कप दूध की झालं. मग घरी जाऊन भात आणि बांगडा, एका बऱ्यापैकी बांगड्यातच ती प्रथिनं भरून निघतात. पण तळलेला रोज नको, तिखल्याचा चालेल. सोमवारवाल्यांनी कुळथाची पिठी-भात किंवा मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाची उसळ, वर ताक.

पावडरच्या डब्याचं विचारणार तुम्ही, हो ना? दुकानदार माझ्यावर चिडतील, पण घरात बांगडा आणि अंडी असताना त्या डब्यावर हजारो रुपये का घालायचे ते मला अजून कोणी पटवलेलं नाही. त्यापेक्षा चांगला थर्मास घ्या, झाकण गळत नाही असा. माझा गळायचा, टॉवेल पेजेने चिकट व्हायचा.