समुद्राचा वारा अडवू नका, गाळून घ्या

नमस्कार मंडळी! आयर्लंड, स्कॉटलंडकडच्या आपल्या मराठी माणसांचा एकच प्रश्न सारखा येतोय. "ताई, समुद्राजवळ थोडी जागा घेतलीय, पर्माकल्चर (म्हणजे निसर्गाची रीत बघून, तिच्या कलाने केलेली शेती-बाग) जमेल का?" त्याखाली कुणीतरी हमखास लिहितं, की हे गरम देशांतलं खूळ आहे. अहो, बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली हे पुस्तकात मांडलं ते ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या थंड टास्मानिया बेटावर! तिथे काय ऊन तापतं?

रोजची भाजी दाराशी, फळझाडं त्यापलीकडे, पावसाचं पाणी साठवायचं, कचरा कुजवायचा. ही झाली पर्माकल्चरची नेहमीची कामं, पुढे जाऊ.

खरा वैरी वारा. खारा, थांबायचं नाव न घेणारा. आणि इथेच लोक पक्की भिंत बांधून मोकळे होतात. कृपा करून नका बांधू! भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरे करत तुमच्या रोपांवरच आदळतो. साधारण निम्मा वारा आत सोडणारं कुंपण हवं. ते दोन मीटर उंच असलं, तरी मागे पंधरा-वीस मीटर चांगला आडोसा मिळतो. आपल्या मुंबईत मोठा बॅनर लावताना पोरं कापडाला अर्धगोल चिरा देतात ना, तसंच हे.

आयर्लंडच्या अरान बेटांवरची दगडी कुंपणं बघा. चुना नाही, माती नाही, दगडांमध्ये फटी. वारा त्यातून गाळून येतो. त्याच लोकांनी उघड्या खडकावर वाळू आणि समुद्री शेवाळ टाकून माती घडवली आणि बटाटे पिकवले. तुम्हीही तिथले नियम बघून वाहून आलेलं शेवाळ हिवाळ्याआधी वाफ्यांवर पसरा.

"भिंत आधीच आहे, पाडू का?" नको. तिच्यापुढे, समुद्राच्या बाजूला, झुडपांचा पट्टा लावा.

वेंगुर्ल्याला माझ्या मामाच्या आंब्याच्या कलमांपुढे सुरूची रांग आहे. वारा सूं सूं करत येतो, पण कलमांपर्यंत पोचेस्तोवर त्याचा जोर ओसरलेला असतो. शिवाय सुरूच्या मुळांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. तिकडच्या थंडीत ही दोन्ही कामं सी बकथॉर्न (एक काटेरी झुडूप) करतो, लडाखमध्ये ज्याच्या फळाला लेह बेरी म्हणतात तोच. मीठही सोसतो. फक्त मुळांतून फुटवे काढत फार पसरतो, म्हणून वाळूच्या टेकड्यांजवळ लावू नका, आणि फुटवे दरवर्षी छाटा. फळं हवी असतील तर रोपं घेताना नर आणि मादी दोन्ही मागून घ्या. नुसत्या मादी झाडांना फळ धरत नाही.