बॅटच्या टोला गेलेली चीर

(दृश्य: टेबलावर बॅट. कॅमेरा हळूहळू तिच्या खालच्या टोकाकडे.)

ही बॅट परत आली आहे. टो, म्हणजे बॅटचं खालचं टोक, चिरलाय, पण वरचं स्टिकर अजून कोरं करकरीत. सोबत चिठ्ठी नाही. गिऱ्हाइकाला जे म्हणायचं होतं ते त्यानं आधीच चारचौघांत म्हटलंय. एक तारा. 'तीन नेटमध्ये फुटली. पैसे पाण्यात.'

कारखाना सात माणसांचा. तक्रार विभाग वगैरे नाही. दिवसा जो बॅट घडवतो, तोच रात्री फोनवर रिव्ह्यू वाचतो. त्यामुळे लागतंही त्यालाच. त्यानं पहिलं उत्तर लिहिलं होतं, 'तुम्ही नॉकिंग केलंच नसेल.' नॉकिंग म्हणजे खेळण्याआधी नवी बॅट लाकडी हातोडीनं ठोकून पक्की करणं. उत्तर पाठवलं नाही. बॅट मागवून घेतली, कुरियरचा खर्च स्वतःचा.

(दृश्य: करवत. टो उभा कापला जातो. पाच सेकंद फक्त आवाज.)

विलो मऊ लाकूड. कच्ची बॅट प्रेसच्या रोलरखाली घालून तिचा पुढचा भाग घट्ट करतात. दाब कमी पडला तर चेंडूचे खड्डे उमटतात, जास्त झाला तर बॅट मरते, कितीही मारा, चेंडू जात नाही. हा अंदाज कारागिराच्या हातात असतो, यंत्रावर तो आकडा कुठं लिहिलेला नसतो. कडा आणि टोची गोलाई मात्र रोलरला सापडत नाही. तिथं नॉकिंगच, जवसाचं तेल आणि लाकडी हातोडी, तासन् तास.

टो सगळ्यात नाजूक. लाकडाचे धागे इथं आडवे कापलेले, जणू नळ्यांची उघडी तोंडं. ओल्या खेळपट्टीवर बॅट टेकवून उभं राहिलं की पाणी इथूनच वर चढतं. टो फुगतो. मग एक यॉर्कर पुरे.

(दृश्य: कापलेला तुकडा, भिंगाखाली.)

आता हा कोपरा बघा. टोच्या रबरी पट्टीखाली गोंद लागलेलाच नाही. पाणी शिरलं ते इथून. नॉकिंगही झालेलं नव्हतं, ते वेगळं. म्हणजे गिऱ्हाईक बरोबर होतं. निदान अर्धं.

रिव्ह्यूखाली उत्तर गेलं, कापलेल्या तुकड्याच्या फोटोसकट: 'पट्टीखाली एका कोपऱ्याला गोंद नव्हता. चूक आमची. नवी बॅट पाठवतोय. नॉकिंग कसं करायचं हे आम्ही सोबत लिहून द्यायला हवं होतं, यापुढे देऊ.'

पुतण्यानं पाच फोनवरून पाच-पाच तारे द्यायची तयारी दाखवली होती. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी २०१८ पासून आयएसओ २०४८८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण इथं पुतण्याला गप्प करायला काकाची एक नजर पुरली.

(दृश्य: कॅलिपर बॅटच्या कडेवर.)

सगळेच रिव्ह्यू कापून बघण्यासारखे नसतात. 'कडा बारीक आहेत, अजून जाड द्या,' असं एकानं लिहिलं. क्रिकेटच्या नियमांत २०१७ पासून कडेला ४० मिलिमीटरची मर्यादा आहे. या बॅटची कड ३९ भरली. उत्तरात फक्त हा फोटो गेला.

त्या महिन्यात ऑर्डरी घटल्या. एक तारा अजून तिथंच आहे.

(दृश्य: प्रेसच्या वर खिळ्याला टांगलेला कापलेला टो. खाली गोंदाचा ब्रश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग हातोडीचा आवाज.)