पाच महिन्यांची सुवार्ता, तीस वर्षांची कैद

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मातादी बंदरातून आतल्या भागात जाणारी रेल्वे लोअर काँगो नावाच्या डोंगराळ प्रदेशातून जाते. ज्यांच्या नावाने पुढे एक ख्रिस्ती मंडळी (चर्च) उभी राहिली, त्या सायमन किंबांगू यांचा जन्म या प्रदेशातील न्काम्बा या लहान गावात १८८७ च्या सुमारास झाला. त्यांच्या बालपणी काँगो हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीचा मुलूख होता. १९०८ मध्ये तो बेल्जियन सरकारकडे गेला. कारभाराची मालकी बदलली तरी सामान्य माणसाच्या मागची सक्तीची मजुरी आणि कराचा बोजा मात्र सुटला नाही.

इंग्लंडहून आलेल्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांचे ठाणे गावापासून जवळच, न्गोम्बे लुटेटे येथे होते. तेथील होल्मन बेंटली यांनी केलेला बायबलच्या नव्या कराराचा किकोंगो या स्थानिक भाषेतील अनुवाद १८९३ मध्येच छापून झाला होता. म्हणजे किंबांगू तरुण झाले, तेव्हा बायबल वाचण्यासाठी त्यांना कोणा गोऱ्या माणसाच्या तोंडाकडे पाहावे लागत नव्हते. पुढे जे घडले त्याचे मूळ, आमच्या मते, येथे आहे.

१९१५ मध्ये किंबांगू आणि त्यांच्या पत्नी मारी मुइलू यांचा बाप्तिस्मा झाला. तीन वर्षांनी इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ काँगोत पोहोचली. महाराष्ट्रात जुन्या पिढीने जिला ‘मानमोडी’ म्हटले, तीच ही साथ. माणसे पटापट मरत असताना, ‘माझ्या लोकांना सांभाळ’ अशी हाक किंबांगूंना ऐकू येऊ लागली, असे त्यांचे अनुयायी मानतात. ही हाक टाळण्यासाठी ते गाव सोडून किन्शासाला मजुरीला गेले; पण तेथेही मन न लागल्याने ते परतले.

६ एप्रिल १९२१ रोजी शेजारच्या न्गोम्बे किन्सुका गावात त्यांनी कियान्तोन्दो नावाच्या आजारी स्त्रीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि ती बरी झाली, अशी मंडळीची श्रद्धा आहे. बातमी वणव्यासारखी पसरली. काही आठवड्यांतच न्काम्बाकडे माणसांची रीघ लागली. मळ्यांतील मजूर हातातले काम टाकून निघाले, दवाखान्यांतील खाटा रिकाम्या पडू लागल्या आणि थिसव्हिल या रेल्वेमार्गावरील शहराकडे येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरेना.

किंबांगू या गर्दीला काय सांगत होते, हे नीट ऐकण्यासारखे आहे. जादूटोण्याच्या वस्तू फेकून द्या, एकाच पत्नीशी संसार करा, ढोल आणि नाच बंद करा. मिशनरी चाळीस वर्षे हेच शिकवत आले होते आणि त्यांचे फारसे कोणी ऐकले नव्हते. आता गावेच्या गावे आपल्या ताईत-मूर्ती आगीत टाकत होती. सरकारला खटकली ती शिकवण नव्हे. हा मनुष्य कोणाची परवानगी न घेता ती देत होता, हे खटकले.

मे महिन्यात स्थानिक प्रशासक लिओन मोरेल न्काम्बाला येऊन पाहून गेला आणि ही चळवळ वेळीच आवरली पाहिजे, असा अहवाल त्याने वरिष्ठांना दिला. ६ जून रोजी तो सैनिक घेऊन अटक करायला आला. सैनिकांनी गाव लुटले. किंबांगू मात्र निसटले आणि पुढचे तीन महिने गावोगावी लपत प्रवचने करत राहिले. १२ सप्टेंबरला ते स्वतःहून न्काम्बाला परतले आणि पोलिसांच्या स्वाधीन झाले.

खटला थिसव्हिलच्या लष्करी न्यायालयात चालला. आरोपीला वकील दिला गेला नाही. तू तारणारा आहेस का, असे विचारल्यावर तारणारा येशू ख्रिस्त आहे, आपण फक्त त्याची वार्ता सांगतो, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. राज्याच्या सुरक्षिततेला बाधा आणि गोऱ्यांविरुद्ध वैरभाव, या आरोपांखाली ३ ऑक्टोबरला १२० फटके आणि मृत्युदंड अशी शिक्षा झाली. बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी दयेची याचना केली आणि नोव्हेंबरमध्ये राजा पहिला आल्बर्ट याने देहदंडाऐवजी जन्मठेप दिली. देशाच्या दुसऱ्या टोकाला, एलिझाबेथव्हिलच्या तुरुंगात, १२ ऑक्टोबर १९५१ रोजी ते मरण पावले. उघड कार्य जेमतेम पाच महिन्यांचे, कैद तीस वर्षांची.

एवढ्यावर चळवळ संपावी, अशी सरकारची अपेक्षा होती. मंडळी ३७,००० कुटुंबे हद्दपार झाल्याचे सांगते. इतिहासकारांचा आकडा याहून बराच कमी आहे. पण हद्दपारीने काय साधले, याबद्दल दुमत नाही. कासाई, किवू, इक्वेटर अशा दूरच्या प्रांतांत पाठवलेले हे लोक जेथे गेले तेथे रात्री जमून प्रार्थना करू लागले, आणि एका जमातीपुरती राहिली असती अशी श्रद्धा सरकारी खर्चाने देशभर पोहोचली.

न्काम्बात मारी मुइलू पाळतीखाली होत्या. बंदी असतानाही त्यांनी अनुयायांचे जाळे गुप्तपणे सांभाळले. त्यांच्याविना ही मंडळी तगली नसती, आणि इतिहासात त्यांना मिळालेली जागा या कामाच्या मानाने फारच थोडी आहे. तीन मुलांपैकी किसोलोकेले आणि दियांगिएंदा यांना सरकारने बोमा येथील आपल्या शाळेत घातले. वडिलांच्या प्रभावापासून मुले दूर राहावीत, हा हेतू होता. शिकूनसवरून कारभाराच्या खाचाखोचा जाणणारा दियांगिएंदाच पुढे मंडळीचा प्रमुख झाला आणि त्याने सरकारशी कागदोपत्री झुंज दिली. २७ एप्रिल १९५९ रोजी मारी मुइलू वारल्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरला मंडळीला कायदेशीर मान्यता मिळाली. १९६९ मध्ये तिला जागतिक चर्च परिषदेचे सदस्यत्वही मिळाले.

न्काम्बाला येणारा भाविक आज वेशीवरच पायातले काढतो. १९८१ मध्ये उघडलेल्या येथील भव्य मंदिरात ३७,००० माणसांची सोय आहे. बांधकामाचा पैसा उभा राहिला तो ‘न्सिन्सानी’ या वर्गणीच्या चढाओढीतून: पुरुष, स्त्रिया, तरुण असे गट बँडच्या तालावर नाचत टेबलापाशी येतात, नाणी टाकतात आणि कोणता गट पुढे आहे हे निवेदक मोठ्याने पुकारतो. प्रभुभोजनात द्राक्षारस नसतो. मका, बटाटा आणि केळी यांचा केक आणि मधाचे पाणी असते. द्राक्षे काँगोत पिकत नाहीत आणि मद्य मंडळीला वर्ज्य आहे.

१९९२ मध्ये दियांगिएंदा आणि २००१ मध्ये त्यांचे बंधू दियालुंगाना वारल्यावर गादी किंबांगूंच्या नातवाकडे गेली. काही चुलत भावंडांना ते मान्य नव्हते; त्यांनी वेगळी चूल मांडली. दरम्यान किंबांगू हे पवित्र आत्म्याचा अवतार आहेत, ही शिकवण मंडळीत पक्की होत गेली आणि त्याच मुद्द्यावर जागतिक चर्च परिषदेने २०२१ मध्ये तिचे सदस्यत्व संपुष्टात आणले. काँगो सरकारने मात्र २०२३ पासून ६ एप्रिल हा दिवस किंबांगूंच्या नावाने राष्ट्रीय सुटीचा ठरवला आहे.