भिंतीनं पाहावं, हात लावू नये

[दृश्य : अंधारी खोली. एका मॉनिटरचा उजेड. पडद्यावर सरकणारा कर्सर.]

कर्सर हलतोय. माऊसवर मात्र कुणाचाच हात नाही.

२३ डिसेंबर २०१५. पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज वितरण कंपनीची कंट्रोल रूम. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत कर्सर आपोआप उपकेंद्राच्या ब्रेकरवर, म्हणजे वीज तोडणाऱ्या-जोडणाऱ्या स्विचवर, जातो आणि ब्रेकर ऑफ होतो. मग दुसरा, मग तिसरा. ऑपरेटर माऊस धरतो, कर्सर ओढून घेऊ बघतो. तो दाद देत नाही. थोड्या वेळात ऑपरेटरच त्या संगणकातून बाहेर फेकला जातो. त्या दिवशी तीन कंपन्यांच्या मिळून सुमारे २ लाख २५ हजार ग्राहकांची वीज गेली. ती परत आणायला माणसं गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हातानं ब्रेकर चढवले.

हल्लेखोरांच्या हाती होती ती सोय आपल्या ओळखीची आहे. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्याकडे पाहायचा आणि त्याचा माऊस आपण चालवायचा. कंट्रोल रूममधल्या कितीतरी मोठ्या भिंतींवरची चित्रंही याच सोयीनं येतात.

[दृश्य : पडद्यांची भिंत. बारा पॅनल, चार आडवे, तीन उभे.]

ही भिंत पाहा. एकेक पॅनल १९२० बाय १०८० पिक्सेलचं. बारा मिळून ७६८० बाय ३२४०, म्हणजे जवळपास अडीच कोटी पिक्सेल. या भिंतीला स्वतःचं काहीच सांगायचं नसतं. मागे एक वॉल कंट्रोलर असतो. तो ऑपरेटरांच्या संगणकांवरून चित्रं उचलतो आणि चौकटीत मांडतो. प्रत्येक संगणकापासून व्हिडिओची केबल ओढली, तर फक्त चित्रच येतं. पण संगणक लांब असतात, संख्येनं जास्त असतात, म्हणून नेटवर्कवरून रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दूरचा पडदा पाहण्या-चालवण्याची तीच सोय, वापरतात. आणि त्यात चित्राबरोबर माऊस-कीबोर्डचा रस्ताही उघडतो.

यातलं सर्वांत रुळलेलं नाव व्हीएनसी. १९९० च्या दशकात केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत ते तयार झालं. त्याची भाषा साधी आहे. पाहणारा विचारतो, ‘काय बदललं?’ समोरचा संगणक बदललेला तुकडा तेवढा पाठवतो. पूर्ण पडदा सेकंदाला साठ वेळा जसाच्या तसा पाठवायचा, तर एका पडद्याला जवळपास ३ गिगाबिट लागतील. बदलाचा तुकडाच पाठवल्यानं बारा पडदेही साध्या नेटवर्कवर निभावतात. सीसीटीव्हीचं चालतं चित्र मात्र या वाटेनं आणू नये. तिथे प्रत्येक क्षणी सगळंच बदलत असतं. कॅमेऱ्याचा प्रवाह सरळ वॉल कंट्रोलरला द्यावा.

[दृश्य : सेटिंगची खिडकी. एका चौकोनात टिकमार्क.]

‘व्ह्यू ओन्ली’. फक्त पाहा. हा टिकमार्क दोन ठिकाणी करता येतो, आणि तो कुठे केला यावर सगळं अवलंबून आहे. भिंतीकडच्या व्ह्यूअरमध्ये, म्हणजे चित्र पाहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये केला, तर तो शिष्टाचार झाला. कुणीही तो काढू शकतं. ऑपरेटरच्या संगणकावरच्या सर्व्हरमध्ये, म्हणजे चित्र पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये केला, तर ते कुलूप झालं. भिंतीकडून आलेली क्लिक तिथे पोचली तरी स्वीकारलीच जात नाही. बऱ्याच व्हीएनसी सर्व्हरमध्ये फक्त पाहण्यासाठी वेगळा पासवर्ड ठेवता येतो. भिंतीला तोच द्यावा. ऑपरेटरचा पासवर्ड भिंतीच्या संगणकावर साठवून ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली दारावर टांगणं आहे.

व्हीएनसीची जुनी पासवर्ड पद्धत फक्त पहिली ८ अक्षरं पाहते आणि त्यानंतरचा संवाद उघड्यावर चालतो. म्हणून ५९०० हा पोर्ट, म्हणजे व्हीएनसीचं नेटवर्कवरचं दार, फायरवॉलमध्ये वॉल कंट्रोलरच्या पत्त्यापुरताच उघडा ठेवावा आणि वाहतूक एनक्रिप्टेड करावी, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही.

आणखी एक सेटिंग आहे, ते सहसा कुणी उघडून पाहत नाही. जोडणी करताना व्ह्यूअर सांगतो की पडदा इतरांसोबत वाटून घेणार की एकट्याला हवा. एकट्याला मागितला, तर आधीपासून पाहणारा तुटू शकतो. पर्यवेक्षकानं आपल्या खोलीतून संगणक उघडावा आणि त्याच क्षणी भिंतीवरचं चित्र जावं, त्यामागे अनेकदा एवढंच असतं. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप तर आणखी अडचणीचा. ऑपरेटरच्याच खात्यानं बाहेरून शिरलं, की त्याच्या समोरचा पडदा कुलूपबंद होतो. भिंतीवर चित्र येतं, आणि ज्याचं काम आहे त्याच्यापुढे लॉक स्क्रीन!

[दृश्य : नकाशा. एकेक शहर अंधारात जातं.]

आता दुसरी तारीख. १४ ऑगस्ट २००३. अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. सुरुवात झाली ओहायोमध्ये. तिथल्या एका वीज कंपनीत दुपारी सव्वादोनच्या सुमारास धोक्याच्या सूचना देणारं सॉफ्टवेअर अडकलं. पडदे चालूच होते, फक्त नवी सूचना येत नव्हती. जवळजवळ दीड तास ऑपरेटरांना ते कळलंच नाही, आणि बाहेर एकेक वीजवाहिनी बंद पडत गेली.

कर्सर आपोआप हलला, तर निदान दिसतो. गोठलेलं चित्र दिसतच नाही, आणि मला त्याची भीती जास्त वाटते.

व्हीएनसीत ही भीती पायापासूनच आहे. काही बदललं नाही, तर काही पाठवायचं नाही, हा त्याचा नियम. मग समोरची यंत्रणा शांत आहे, की नेटवर्क मेलं आहे? भिंतीवर दोन्ही सारखंच दिसतं. तोच दाब, तीच हिरवी रेघ. काही व्ह्यूअर जोडणी तुटल्यावरही शेवटचं चित्र तसंच ठेवतात. आलेला प्रत्येकजण पाहतो, सगळं ठीक आहे असं समजतो आणि खुर्चीत बसतो.

[दृश्य : पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद मोजणारं घड्याळ.]

यावर उपाय साधा आहे. ज्या संगणकाचा पडदा भिंतीवर न्यायचा, त्याच्यावरच सेकंद दाखवणारं घड्याळ ठेवा. वॉल कंट्रोलरचं घड्याळ उपयोगाचं नाही. ते नेटवर्क मेल्यावरही चालत राहील. मूळ पडद्यावरचे सेकंद भिंतीवर थांबले, की चित्र शिळं झालं. त्याच्या जोडीला कंट्रोलरला सांगा की ठरलेल्या सेकंदांत नवं काही आलं नाही, तर चौकट काळी कर, लाल कडा दाखव, मग पुन्हा जोडून पाहा. काळी चौकट पाहून माणूस उठून विचारतो.

बाकीची कामं पटापट होतात. स्क्रीनसेव्हर आणि झोपेची सोय बंद. सर्व्हर सर्व्हिस म्हणून, म्हणजे संगणकाबरोबर आपोआप सुरू होईल असा, चालवायचा, म्हणजे संगणक रीस्टार्ट झाल्यावर कुणी लॉगिन करण्याची वाट पाहावी लागत नाही. मॉनिटर न जोडलेल्या संगणकाला डमी प्लग, म्हणजे मॉनिटर असल्याचं भासवणारा खोटा प्लग, नाहीतर तो भलत्याच रिझोल्युशनवर उठतो आणि भिंतीवरची अक्षरं फुटतात.

[दृश्य : रॅकमागे वाकलेला तंत्रज्ञ. हातात नेटवर्कची केबल.]

शेवटची चाचणी शिफ्टमधल्या लोकांसमोर करायची, आधी त्यांना सांगून. एक जण भिंतीकडच्या माऊसनं क्लिक करून बघतो. ऑपरेटरच्या पडद्यावर काहीही हलता कामा नये. मग तंत्रज्ञ एका संगणकाची केबल काढतो. सगळे भिंतीकडे पाहत मोठ्यानं सेकंद मोजतात.

एक. दोन. तीन. चार.

चौकट काळी होते.

[दृश्य : केबल परत लागते. घड्याळाचे सेकंद पुन्हा धावू लागतात.]