त्या क्षणाआधीची मिनिटे

श्रोतेहो, नमस्कार.

५ एप्रिल १९७० च्या रात्री, मध्यरात्रीला थोडाच अवधी उरला असताना, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात न्यूहॉलजवळ महामार्ग पोलिसांच्या दोन जवानांनी एक मोटार थांबवली. या मोटारीतील माणसाने दुसऱ्या एका वाहनचालकावर पिस्तूल रोखले होते, एवढीच खबर त्यांच्याकडे होती. मोटारीत दोघे जण होते. पुढच्या सुमारे साडेचार मिनिटांत हे दोन पोलीस आणि त्यांच्या मदतीला धावून आलेले आणखी दोन, असे चौघे जण मारले गेले. चौघांपैकी कोणीही पंचविशी गाठलेली नव्हती आणि कोणाच्याही नोकरीला दोन वर्षे पूर्ण झाली नव्हती. मारेकरी त्या रात्री अंधारात निसटले.

त्या साडेचार मिनिटांचा हिशेब पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. संशयित मोटारीपासून किती अंतरावर थांबावे, आतल्या माणसांना एकेक करून बाहेर कसे बोलवावे, जादा कुमक येईपर्यंत पुढे का जाऊ नये, हे सारे नव्याने लिहिले गेले. चौथा पोलीस आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये एकेक काडतूस भरत असताना मारला गेला होता. म्हणून सहाही काडतुसे एकदम भरता येतील असे साधन त्या दलाने स्वीकारले. यासोबत एक कथाही जन्माला आली. सरावाच्या मैदानावर साफसफाई सोपी जावी म्हणून रिकाम्या पुंगळ्या खिशात टाकण्याची सवय पोलिसांना लावलेली होती आणि त्या रात्री, समोरून गोळ्या येत असताना, त्या जवानाने सवयीने पुंगळ्या खिशात घातल्या, अशी ती कथा. ती प्रशिक्षण वर्गांत दशकानुदशके सांगितली गेली. नंतरच्या बारकाईच्या तपासात ती टिकली नाही. तरीही तिने मैदानावरच्या सवयी बदलल्या आणि त्या बदलायलाच हव्या होत्या. खोट्या कथेतून खरा धडा मिळण्याचा हा प्रकार मोठा मौजेचा आहे, पण तो थोडा अस्वस्थही करतो. कारण याच वाटेने चुकीचा धडाही तितक्याच सहजपणे पसरू शकतो.

आज मी ज्याविषयी बोलणार आहे ते हेच आहे. पोलिसांचे प्रशिक्षण पुष्कळ अंशी चकमकींतल्या मृत्यूंनी घडवलेले असते. परंतु कोणता मृत्यू धडा म्हणून निवडला जातो आणि त्यातला कोणता भाग उचलला जातो, यावर पुढच्या माणसाचा जीव अवलंबून राहतो. एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे ‘एन्काउंटर’ या शब्दाला जो अर्थ चिकटला आहे, तो येथे अभिप्रेत नाही. पोलीस आणि समोरचा माणूस यांची अचानक गाठ पडते आणि दोघांपैकी एकाचा जीव जातो, एवढ्याच अर्थाने मी चकमक हा शब्द वापरतो आहे.

भीतीने ग्रासलेल्या माणसाचे शरीर विचारपूर्वक काही निवडण्याच्या स्थितीत नसते. नजर समोरच्या एका बिंदूवर खिळते, बाजूचे दिसेनासे होते, कधी स्वतःच्याच पिस्तुलाचा आवाजही ऐकू येत नाही, बोटांची नाजूक कामे बिघडतात. अशा वेळी हातून तेच घडते जे शेकडो वेळा घोटलेले असते. त्यात वेळेचा हिशेब पोलिसाच्या विरुद्ध असतो. हल्ला करणाऱ्याने आपला निर्णय आधीच घेतलेला असतो. पोलिसाला ती हालचाल पाहायची असते, तिचा अर्थ लावायचा असतो आणि मग कृती करायची असते. सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातील प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये हे घड्याळ लावून मोजले. चाकू घेऊन धावणारा धडधाकट माणूस २१ फुटांचे अंतर साधारण दीड सेकंदात कापतो आणि कंबरेचे पिस्तूल काढून नेमकी गोळी झाडायला सरावलेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. ट्युलर यांचा हेतू सावध करण्याचा होता: अंतर ठेवा, आडोसा शोधा, धोका लवकर ओळखा. पुढे अनेक वर्गांत या निरीक्षणाचा ‘एकवीस फुटांचा नियम’ झाला आणि त्या अंतराच्या आत चाकू दिसला की गोळी झाडणे योग्यच, असा त्याचा अर्थ लावला जाऊ लागला. मागे सरकण्यासाठी दिलेली सूचना पुढे गोळी झाडण्याचा परवाना बनली.

धड्यातून नेमके काय उचलले जाते याचे दुसरे उदाहरण ११ एप्रिल १९८६ चे आहे. मायामीत एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या आठ जणांनी दोन दरोडेखोरांना गाठले. पाच मिनिटांहून कमी वेळ चाललेल्या गोळीबारात दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले आणि दोन्ही दरोडेखोर ठार झाले. त्यांच्यापैकी एकाला सुरुवातीलाच लागलेली गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली होती आणि त्यानंतरही तो लढत राहिला होता. या एका गोळीने अमेरिकी पोलिसांचे दारूगोळ्याचे शास्त्र बदलले. मानवी मांसाच्या जागी चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जेलीत गोळी किमान १२ इंच शिरली पाहिजे हा दंडक आला, रिव्हॉल्व्हर मागे पडले आणि जास्त गोळ्या मावणारी पिस्तुले आली. १९९७ मध्ये नॉर्थ हॉलिवूडमध्ये चिलखत घातलेल्या दोन बँक लुटारूंपुढे पिस्तुले निष्प्रभ ठरली आणि पोलिसांनी जवळच्या बंदुकांच्या दुकानातून रायफली आणल्या. त्यानंतर गस्तीच्या गाड्यांत रायफली आल्या. यातले काहीही अनाठायी नव्हते. मात्र हत्यार मोजता येते, विकत घेता येते, अहवालात दाखवता येते. आठ जण त्या मोटारीला कोणत्या जागी आणि कोणत्या तयारीनिशी अडवायला गेले, या प्रश्नावर गोळीइतकी चर्चा झाली नाही.

हत्यारांपेक्षा खोलवर परिणाम करणारी गोष्ट म्हणजे चित्रफीत. १२ जानेवारी १९९८ रोजी जॉर्जिया राज्यात काइल डिंकहेलर या बावीस वर्षांच्या पोलिसाने वेगाने जाणारी एक गाडी थांबवली. चालक व्हिएतनाम युद्धात लढलेला, मानसिक आजाराने ग्रासलेला माणूस होता. तो रस्त्यावर हातवारे करत नाचला, ओरडला, पुन्हा आपल्या गाडीकडे गेला आणि आतून कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, काढू लागला. डिंकहेलर त्याला पुन्हा पुन्हा ती खाली ठेवायला सांगत राहिले. शेवटी ते मारले गेले आणि पोलिसांच्या गाडीतील कॅमेऱ्याने हे सारे टिपले. ही फीत अमेरिकेतील असंख्य प्रशिक्षणार्थींना दाखवली गेली आहे. ती पाहणाऱ्या विशीतल्या मुलाच्या मनात एकच वाक्य उमटते: हा थांबला म्हणून मेला. तो धडा चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण तीच फीत दुसऱ्या प्रश्नासाठीही थांबवता येते. समोरचा माणूस गाडीकडे वळला तेव्हा या पोलिसाने उघड्यावर उभे राहण्याऐवजी आणखी मागे, भक्कम आडोशाला जायला हवे होते का? पहिल्या प्रश्नातून झटकन गोळी झाडणारा पोलीस तयार होतो, दुसऱ्यातून झटकन जागा बदलणारा. वर्गात कोणत्या सेकंदाला फीत थांबवायची हे प्रशिक्षक ठरवतो आणि तो निर्णय घेताना त्याच्यावर कोणी पिस्तूल रोखलेले नसते.

कायद्यानेही आपले लक्ष याच शेवटच्या क्षणावर ठेवले. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, केवळ पळून जातो म्हणून निःशस्त्र संशयितावर गोळी झाडता येणार नाही, असा निर्णय दिला. तो माणूस गंभीर धोका असल्याचे मानायला सबळ कारण हवे. त्यानंतर १९८९ मध्ये ग्रॅहम विरुद्ध कॉनर या खटल्यात न्यायालयाने म्हटले की पोलिसाच्या बळाच्या वापराचे मोजमाप घटनास्थळावरील समंजस पोलिसाच्या नजरेतून करावे, मागाहून सुचलेल्या शहाणपणातून करू नये. कारण तणावाच्या, अनिश्चित आणि झपाट्याने बदलणाऱ्या परिस्थितीत त्याला क्षणार्धात निर्णय घ्यावे लागतात. यात न्याय आहे, हे मान्य केले पाहिजे. खुर्चीत बसून अंधारातल्या माणसाला दोष देणे सोपे असते.

परंतु या वाक्याच्या तीन वर्षे आधीच जेम्स फाइफ या अभ्यासकाने त्याच्या उलट बाजूवर बोट ठेवले होते. फाइफ स्वतः न्यूयॉर्क पोलीस दलात काम केलेले होते, त्यामुळे त्यांच्यावर खुर्चीत बसून बोलल्याचा आरोप करता येत नव्हता. त्यांचे म्हणणे असे की गोळीबाराच्या चौकशीत आपण फक्त शेवटचा क्षण पाहतो आणि त्या क्षणाला पर्याय नव्हता असे ठरवून मोकळे होतो; पण पर्याय संपवणाऱ्या कृती अनेकदा त्याआधीच्या मिनिटांत पोलिसानेच केलेल्या असतात. त्यांच्याकडे आकडेही होते. न्यूयॉर्क पोलिसांनी १९७२ मध्ये गोळी कधी झाडावी याचे नियम कडक केले आणि प्रत्येक गोळीबाराची तपासणी सुरू केली. फाइफ यांच्या अभ्यासानुसार गोळीबाराच्या घटना सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या आणि कर्तव्यावर मारल्या जाणाऱ्या पोलिसांची संख्याही वाढली नाही, उलट कमी झाली. नियम कडक केले की पोलीस मरतील, हा तेव्हाचा लोकप्रिय युक्तिवाद होता. तो आजही अधूनमधून ऐकू येतो.

फाइफ यांचे म्हणणे क्लीव्हलँड शहरातील एका घटनेत अत्यंत क्लेशदायक रीतीने दिसते. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी बागेत कोणीतरी पिस्तूल रोखत असल्याचा दूरध्वनी आला. बोलणाऱ्याने सांगितले होते की पिस्तूल बहुधा खोटे आहे आणि माणूस बहुधा अल्पवयीन आहे. या दोन्ही गोष्टी गस्तीवरच्या पोलिसांपर्यंत पोहोचवल्या गेल्या नाहीत. त्यांची गाडी गवतावरून थेट त्या मुलाच्या जवळ जाऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळ्या झाडल्या गेल्या. टॅमिर राइस बारा वर्षांचा होता आणि त्याच्याकडे खेळण्यातले पिस्तूल होते. गोळी झाडणाऱ्यापाशी त्या वेळी खरोखरच दोन सेकंदच होते. पण ती दोनच का उरली, याचे उत्तर नियंत्रण कक्षातल्या अर्धवट निरोपात आणि गाडी चालवणाऱ्याच्या पायाखालच्या ब्रेकमध्ये आहे. गाडी दूर, आडोशाला थांबली असती, तर मोठ्याने हाक मारायला वेळ मिळाला असता.

१९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अमादू डियालो या तरुणावर चार साध्या वेशातील पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. त्याने खिशातून पाकीट काढले होते. चौघांपैकी एक जण मागे जाताना कोलमडला आणि त्याला गोळी लागली असे इतरांना वाटले. एकाचा गोळीबार हाच दुसऱ्याला पुरावा वाटावा, ही गोष्ट चौघांच्याही हेतूंविषयी काही न बोलता समजून घेता येते. ज्युरीने पुढे त्यांना निर्दोष ठरवले.

पोलिसांच्या हातून झालेल्या या दुसऱ्या प्रकारच्या मृत्यूंनीही प्रशिक्षण बदलले, पण उशिराने आणि अर्धवट. मेंफिस शहरात १९८७ मध्ये मानसिक आजार असलेल्या आणि हातात चाकू घेतलेल्या एका तरुणाला पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यातून १९८८ मध्ये अशा प्रसंगांसाठी खास तयार केलेल्या पोलिसांचे पथक उभे राहिले. त्या पोलिसांना चाळीस तासांचे प्रशिक्षण मिळते आणि हा नमुना पुढे देशभर गेला. तरीही २०१५ मध्ये पोलीस अधिकाऱ्यांच्याच एका संशोधन संस्थेने पाहणी केली, तेव्हा नव्या भरतीला बंदुकीचे प्रशिक्षण साधारण ५८ तास आणि तणाव निवळवण्याचे ८ तास मिळत असल्याचे दिसले. त्याच संस्थेने पुढे एक अभ्यासक्रम आखला. त्यात समोरच्याकडे बंदूक नसेल तर अंतर, आडोसा आणि बोलणे यांतून वेळ मिळवायला शिकवले जाते. लुईव्हिल शहरात त्याचा अभ्यास झाला. बळाच्या वापराच्या घटना सुमारे २८ टक्क्यांनी, नागरिकांच्या जखमा २६ टक्क्यांनी आणि पोलिसांच्या जखमा ३६ टक्क्यांनी घटल्या. शेवटचा आकडा सर्वांत मोठा आहे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

मग प्रत्येक वेळी मागे सरावे आणि वेळ घ्यावा, असे म्हणावे काय? तेवढे सोपे असते तर बरे झाले असते. २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारले. पोलिसांनी तेव्हाच्या शिकवणीप्रमाणे इमारतीला वेढा घातला आणि विशेष पथकाची वाट पाहिली. जखमी शिक्षक आतच कित्येक तासांनी रक्तस्रावाने दगावला. त्या दिवसापासून धडा उलटला. निरपराधांवर गोळ्या झाडल्या जात असतील, तर जे पोहोचतील त्यांनी ताबडतोब आत शिरावे. म्हणजे आजच्या पोलिसाला दोन परस्परविरुद्ध गोष्टी येत असाव्या लागतात आणि समोरचा प्रसंग यांपैकी कोणता आहे, हे त्याला आधी ओळखावे लागते.

२४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तेथे विविध दलांचे मिळून ३७६ सशस्त्र कर्मचारी जमा झाले होते. अशा हल्लेखोराशी कसा मुकाबला करावा, याचे प्रशिक्षण त्या गावात दोनच महिन्यांपूर्वी झालेले होते. पहिले पोलीस काही मिनिटांतच आत गेले, दारातून आलेल्या गोळ्यांनी मागे फिरले आणि त्यानंतर हा ‘खोलीत कोंडून घेतलेला माणूस’ आहे असे धरले गेले. त्या एका नावामुळे साऱ्यांचे प्रशिक्षण दुसऱ्या कप्प्यात गेले: वाट पाहा, बोला, साधने जमवा. आतून मुले मदतीसाठी दूरध्वनी करत होती. मारेकऱ्याला संपवायला ७७ मिनिटे लागली. यातला बराच वेळ वर्गाच्या दाराच्या किल्लीच्या शोधात गेला. ते दार बहुधा नीट कुलूपबंद नव्हतेच, असे टेक्सास विधिमंडळाच्या चौकशी समितीने पुढे नोंदवले.