सीमेवरचे किलोमागे 88 रुपये

नमस्कार श्रोतेहो.

हिवाळ्यात नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचे ढीग लागतात, ते तुम्ही पाहिलेच आहेत. यातला मोठा वाटा वर्षानुवर्षं बांगलादेशला जायचा. 2019 मध्ये तिथलं आयात शुल्क किलोमागे 20 रुपयांच्या आसपास होतं. 2023 मध्ये ते 88 रुपयांवर गेलं. हिशेब ऐका. 20 किलोच्या क्रेटवर पूर्वी 400 रुपये शुल्क पडायचं, 2023 मध्ये 1,760. फळ तेच, ट्रक तोच, रस्ता तोच. तिकडचं गिऱ्हाईक तुटलं, माल इथंच तुंबला आणि वरूड, मोर्शी, काटोलच्या बागांमध्ये भाव पडले. शेवटी डिसेंबर 2023 मध्ये राज्य सरकारला निर्यातीसाठी किलोमागे 44 रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. म्हणजे शुल्काच्या निम्मे.  

आता नीट ऐका. भारत आणि बांगलादेश दोघेही साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार करारात आहेत, 2006 पासून. पण या करारात प्रत्येक देशाला संवेदनशील मालाची यादी राखता येते आणि यादीतल्या मालाला शुल्कात सवलत नसते. म्हणून कराराचं नाव पाहून माल भरू नका, यादी पाहा. पुन्हा सांगतो, यादी पाहा.

नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखानदारांसाठी आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी झालेला करार 2010 पासून आहे. त्यात शुल्काची सवलत मिळवायचा सर्वसाधारण नियम असा: मालाच्या एफओबी किमतीत (बंदरात जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीत) किमान 35 टक्के वाटा इथला हवा आणि बाहेरून आणलेल्या सुट्या भागांचा सहा अंकी एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा जगभरचा क्रमांक) तयार मालापेक्षा वेगळा हवा. 100 रुपयांच्या यंत्रात 64 रुपयांचे चिनी भाग असतील तर 36 उरतात, चालतं. रुपया घसरला, तेच भाग 66 रुपयांना पडले, की 34 उरतात आणि सवलत गेली. विक्रीचा दर मात्र जुनाच असतो, म्हणून हे लवकर लक्षात येत नाही. कॉस्टिंग दर ऑर्डरला नव्यानं करा. काही कंपन्या तर या टक्केवारीपायीच जुळणीचा कारखाना आसियान देशांत काढतात.

माल इथलाच असल्याचा दाखला म्हणजे उगम प्रमाणपत्र; त्याचा अर्ज डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर होतो. इन्व्हॉइसवर एक कोड आणि प्रमाणपत्रावर दुसरा, अशी गफलत झाली की खरेदीदाराला बंदरावर पूर्ण शुल्क भरावं लागतं आणि पुढची ऑर्डर येत नाही. तेव्हा दर कळवण्याआधी खरेदीदाराकडून त्याच्या देशातला कोड लेखी मागवून घ्या. पहिले सहा अंक जुळलेच पाहिजेत.